आधी अक्ष, मग आकडा : टॉर्कची दिशा शोधताना

अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिशांचा गुणाकार शिकवून झाला की काही दिवसांतच वर्गापुढे एक चमत्कारिक विधान येते. पान्याचा दांडा नटपासून पूर्वेकडे आहे, त्याच्या टोकावर जोर खाली दिला आहे, आणि टॉर्कची दिशा मात्र उत्तर आहे. उत्तरेकडे काहीही सरकलेले नाही, त्या बाजूला कोणी ढकललेलेही नाही. तरी पुस्तक ठामपणे सांगते : उत्तर. बहुतेक विद्यार्थी इथे विचार करणे थांबवतात आणि पाठ करू लागतात. उजव्या हाताचा नियम पाठ होतो, परीक्षेच्या बाकावर अंगठे वळू लागतात, आणि पर्याय 'अ' की 'क' हे नशिबावर सोडले जाते.

नागपुरात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी विज्ञानाला येताच त्यांचे भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीत जाते. त्याच महिन्यांत सदिश, त्यांचे दोन प्रकारचे गुणाकार आणि टॉर्क या नव्या कल्पना समोर येतात. भाषा परकी, कल्पनाही नवी. मग पाठांतराचा आधार घेतला तर मुलांना दोष देता येत नाही. म्हणून हा विषय एकदा मराठीत, सावकाश आणि आपल्या परिसरातल्या यंत्रांच्या साहाय्याने मांडावा, हा या पुस्तकाचा हेतू आहे. प्रस्तावनेत मी एकच गोष्ट पटवून देऊ इच्छितो. टॉर्कची दिशा हा उत्तराला शेवटी चिकटवायचा शेरा नाही. ती दिशा म्हणजे वस्तू ज्या अक्षाभोवती फिरू पाहते तो अक्ष. तो आधी ओळखला की बाकीचे गणित सरळ होते.

बल वस्तूला सरकवते, टॉर्क तिला फिरवतो. फिरवण्याबद्दल बोलताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. कोणत्या बिंदूभोवती? त्या बिंदूपासून कोणत्या दिशेला आणि किती लांब बल लावले? आणि ते बल किती, कोणीकडे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर स्थितिसदिशात असते : निवडलेल्या बिंदूपासून बल लागते तिथपर्यंतचा बाण. तिसऱ्याचे उत्तर म्हणजे बलाचा बाण. या दोन बाणांचा सदिश गुणाकार म्हणजे टॉर्क, मराठी परिभाषेत परिबल : टॉर्क = स्थितिसदिश × बल. त्याचे मूल्य म्हणजे अंतर, बल आणि दोन बाणांमधल्या कोनाची साइन यांचा गुणाकार. बल थेट बिजागरीच्या दिशेने लावले तर कोन शून्य किंवा १८० अंश होतो, साइन शून्य होते आणि दार जागचे हलत नाही. तेच बल काटकोनात लावले तर सगळेच्या सगळे फिरवण्याच्या कामी येते.

आता दिशा. दोन बाण एका रेषेत नसतील तर ते मिळून एक प्रतल ठरवतात. वस्तू त्या प्रतलात फिरू पाहते. प्रतलात दिशा अगणित असतात. त्यांतली कोणती एक निवडावी? पान्याच्या दांड्याची निवडली तर पाना थोडा फिरताच ती बदलते. बलाचीही तशीच बदलते. पण त्या प्रतलाला लंब असलेली रेषा एकच आहे आणि पाना कितीही फिरला तरी ती ढळत नाही. तीच रेषा अक्षाची. सदिश गुणाकार नेमकी तीच रेषा काढून देतो. उत्तरेकडे काहीच हलले नव्हते, याचे कारण आता स्पष्ट होईल : अक्ष स्वतः हलत नसतो, बाकी सगळे त्याच्याभोवती हलते.

दिशा काढायला आपल्याला आपल्याच दिशा पुरतात. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबाशी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला पूर्व, समोर उत्तर, डोक्यावर आकाश. या तीन दिशांचा क्रम पूर्व, उत्तर, वर, आणि पुन्हा पूर्व, असा चक्रासारखा लक्षात ठेवा. क्रमाने जाणाऱ्या दोहोंचा गुणाकार तिसरी दिशा देतो : पूर्व × उत्तर = वर, उत्तर × वर = पूर्व, वर × पूर्व = उत्तर. क्रम उलटला की उत्तरही उलटते : उत्तर × पूर्व = खाली, वर × उत्तर = पश्चिम, पूर्व × वर = दक्षिण. एवढ्यावर या पुस्तकातली निम्मी उदाहरणे सुटतात.

सुरुवातीचा पाना घेऊ. ट्रकचे चाक तुमच्या समोर, म्हणजे उत्तरेला आहे. पान्याचा दांडा नटपासून पूर्वेकडे ०.३ मीटर आहे आणि त्याच्या टोकावर तुम्ही २०० न्यूटन बल खाली लावता. पूर्व × वर म्हणजे दक्षिण, म्हणून पूर्व × खाली म्हणजे उत्तर. टॉर्क ६० न्यूटन-मीटर, दिशा उत्तर, म्हणजे तुमच्यापासून दूर, चाकाच्या आत. आता नटकडे पाहा. उजवीकडचे टोक खाली दाबल्यावर तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. नेहमीच्या उजव्या आट्यांचा नट असा फिरला की आत जातो. टॉर्कचा बाण आणि नटची चाल एकाच दिशेला आहेत. नट सोडवायचा असेल तर बाण आपल्याकडे, दक्षिणेला यायला हवा. म्हणून मेकॅनिक दांडा पश्चिमेकडे घेतो आणि मग खाली दाबतो. सायकलच्या डाव्या पेडलला आटे उलटे असतात, तिथे हा हिशेब उलटा होतो. तेव्हा आधी टॉर्कचा बाण काढायचा आणि मग आटे कोणते ते पाहायचे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करायच्या नाहीत.

इथे दोन सूचना आवश्यक आहेत. पहिली गुणाकाराच्या क्रमाची. स्थितिसदिश आधी, बल नंतर. क्रम उलटला तर मूल्य तेच येते आणि दिशा बरोबर विरुद्ध. विद्यार्थ्यांचे अनेक गुण या एका उलटापालटीत जातात. दुसरी सूचना बिंदूच्या निवडीची. त्याच पान्यावरच्या त्याच बलाचा टॉर्क नटऐवजी दूरच्या झीरो माइलभोवती काढला तर आकडा बदलतो, दिशाही बदलू शकते. म्हणून 'टॉर्क किती?' हा प्रश्न अपुरा आहे, 'कोणत्या बिंदूभोवती?' हे विचारावेच लागते. याला एक मोठा अपवाद आहे. स्टिअरिंगवर दोन हातांनी सारखेच पण विरुद्ध दिशांना बल लावले तर त्या जोडीचा एकूण टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती काढा, तोच येतो. पुढची दोन प्रकरणे या दोन सूचनांवरच खर्च केली आहेत.

आता एका रास्त शंकेकडे वळू. उजवाच हात का? डाव्या हाताने नियम केला असता तर? अक्षाची रेषा तीच राहिली असती. बाणाचे टोक मात्र दुसऱ्या बाजूला गेले असते. रेषा निसर्गाने ठरवलेली आहे आणि टोक माणसांनी आपापसांत ठरवलेले आहे. हा भेद मनात पक्का असावा. आरशासमोर हे पडताळता येते. आरशातल्या प्रतिमेत घड्याळाचा काटा उलटा फिरतो, त्यामुळे फिरण्याचा बाण साध्या बाणासारखा प्रतिबिंबित होत नाही. अशा राशींना अक्षीय सदिश म्हणतात आणि टॉर्क त्यांतलाच एक आहे.

हा गुणाकार तसा फार जुना नाही. तरफेचा नियम आर्किमिडीजपासून माहीत होता. पण दिशेसकट फिरण्याचे बीजगणित एकोणिसाव्या शतकात आले. १८४३ मध्ये डब्लिनला विल्यम रोवन हॅमिल्टनने चतुष्टयांचे बीजगणित मांडले आणि गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलू शकते, हे प्रथमच मान्य केले. येल विद्यापीठातल्या जोसाया विलर्ड गिब्जने १८८१ ते १८८४ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसाठी सदिशांवरची टिपणे खासगीरीत्या छापली. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइडही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालला होता. आजचा सदिश गुणाकार या दोघांनी रुळवला. गिब्जची ती टिपणेही मुळात वर्गातल्या मुलांसाठी होती, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे सगळे नागपूरच्या मातीत कुठे दिसते? पहिले उदाहरण कापसाचे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि हिंदुस्थानात रिंग पद्धतीच्या चात्या लवकर स्वीकारणाऱ्या गिरण्यांत तिचे नाव येते. सूत काढणे म्हणजे तंतूंच्या पेळूला पीळ देणे आणि पीळ देणे म्हणजे सुताच्या दोन टोकांना विरुद्ध दिशांचे टॉर्क देणे. दोन्ही टोकांवरचे बाण सुतापासून बाहेरच्या बाजूला असतील, तर उभ्या धरलेल्या सुतावरच्या पिळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे चढत जातात. हा उजवा पीळ. कापड उद्योगात त्याला झेड पीळ म्हणतात. दोन्ही बाण आत वळले तर रेषा उजवीकडून डावीकडे चढतात. तो डावा, म्हणजे एस पीळ. रिंग यंत्रावर चाती वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर खालच्या टोकाचा बाण खाली, म्हणजे बाहेर जातो आणि सुताला झेड पीळ पडतो. सुताची गुंडी उलटी धरली तरी पीळ तोच राहतो, कारण दोन्ही बाण बाहेरच असतात. आरशात मात्र झेडचा एस होतो.

एकपदरी सूत सैल सोडले की स्वतःभोवती वेटोळे घालते. त्यात साठलेला टॉर्क त्याला उलगडू पाहत असतो. म्हणून दुपदरी सूत करताना दोन झेड पिळाचे धागे एकमेकांभोवती एस दिशेने वळतात. विरुद्ध दिशांचे टॉर्क एकमेकांना तोलतात आणि धागा शांत राहतो. विदर्भात कापूस पिकतो आणि सूतही निघते. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने टॉर्कची दिशा प्रथम दोऱ्याच्या एका तुकड्यावर, बोटांनी पीळ देऊन पाहावी. याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

दुसरे उदाहरण नागपुरातल्या अजनीचे. १२,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ जातीच्या मालगाडी इंजिनांच्या देखभालीसाठी देशात ज्या दोन ठिकाणांची निवड झाली, ती म्हणजे सहारनपूर आणि नागपूर. असे इंजिन उत्तरेकडे गाडी ओढत आहे असे धरा. रूळ चाकांना उत्तरेकडे ढकलतात. हे बल रुळाच्या पातळीवर लागते. मागची गाडी कपलिंगमधून इंजिनाला दक्षिणेकडे खेचते. हे बल रुळापासून सुमारे १.१ मीटर उंचीवर लागते. रुळावरच्या बिंदूभोवती टॉर्क काढू. स्थितिसदिश वर, बल दक्षिणेला. वर × उत्तर म्हणजे पश्चिम, म्हणून वर × दक्षिण म्हणजे पूर्व. पूर्वेकडे बाण असलेला टॉर्क उत्तरेची बाजू वर उचलू पाहतो. म्हणजे ओढ जितकी जास्त, तितकी पुढची चाके हलकी आणि मागची जड. हलके झालेले चाक घसरते. अवजड गाडी हलवताना पुढच्या आसांवरचे वजन कमी होणे ही इंजिन बनवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे, आणि तिचे मूळ तीन शब्दांच्या या गुणाकारात आहे. गाडी उत्तरेला, टॉर्क पूर्वेला : दिशा न समजता केवळ आकडा काढला असता तर कोणते चाक घसरेल हे सांगता आले नसते.

तिसरे उदाहरण कोराडीचे. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. असा संच मिनिटाला ३,००० फेरे घेतो आणि त्यातून ५० हर्ट्झची वीज मिळते. पूर्ण शक्तीवर दांड्यावरचा टॉर्क काढायचा तर ६६ कोटी वॉटला सेकंदाच्या ३१४ रेडियनने भागा : सुमारे २१ लाख न्यूटन-मीटर. आपल्या पान्याच्या ३५,००० पट. मग एवढ्या टॉर्कखाली दांडा अधिकाधिक वेगाने का फिरत नाही? कारण त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला जनित्राचा विद्युतचुंबकीय टॉर्क बरोबर विरुद्ध दिशेने लागलेला असतो. वाफेचा बाण दांड्याच्या एका बाजूला, विजेचा दुसऱ्या. बेरीज शून्य, म्हणून वेग स्थिर. मे महिन्यात राज्यभर पंखे आणि कूलर एकदम सुरू झाले की विजेचा टॉर्क वाढतो, बेरजेचा बाण फिरण्याच्या उलट जातो आणि जाळ्यातली वारंवारता किंचित उतरते. नियंत्रक वाफेची झडप उघडतो तेव्हा समतोल परत येतो. फिरण्याची दिशा आणि टॉर्कची दिशा एक असेलच असे नाही, हा धडा इथे मिळतो. बटण बंद केल्यावर मंदावत जाणाऱ्या छताच्या पंख्यातही हेच घडते. तो खालून पाहता घड्याळाच्या उलट फिरत असेल तर त्याच्या फिरण्याचा बाण खाली असतो, आणि त्याला थांबवणारा टॉर्क वर.

टॉर्क फिरण्याच्या दिशेला असला तर वेग वाढतो, विरुद्ध असला तर घटतो. पण तो फिरण्याच्या बाणाला लंब असला तर? इथे विषयाचे खरे सौंदर्य सुरू होते. सायकलचे सुटे चाक घ्या, त्याच्या आसाचे एक टोक दोरीला बांधा, चाक जोराने फिरवा आणि आस आडवा ठेवून दुसरे टोक सोडा. समजा दोरी दक्षिण टोकाला आहे आणि चाकाच्या फिरण्याचा बाण उत्तरेकडे आहे. दोरीच्या बिंदूभोवती वजनाचा टॉर्क : स्थितिसदिश उत्तर, बल खाली. उत्तर × वर म्हणजे पूर्व, म्हणून उत्तर × खाली म्हणजे पश्चिम. टॉर्क कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरण्याचा, बाण आपल्या दिशेकडे वळवतो. म्हणून चाक खाली पडण्याऐवजी आस हळूहळू उत्तरेकडून पश्चिमेकडे सरकू लागतो. चाक उलटे फिरवले तर आसाचे तेच टोक पूर्वेकडे सरकते. पाहणाऱ्याला हे जादूसारखे वाटते. दिशा काढणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते.

पृथ्वी हेच करते. तिच्या फिरण्याचा बाण ध्रुवताऱ्याकडे आहे. नागपुरात तो उत्तर क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर दिसतो. विषुववृत्तापाशी पृथ्वी किंचित फुगीर आहे आणि सूर्य-चंद्र त्या फुगवट्याला ओढून तिचा कललेला आस सरळ करू पाहतात. या टॉर्कचा बाण, वर्षभराची सरासरी घेतली तर, वसंतसंपाताकडे असतो आणि तो पृथ्वीच्या आसाला लंब आहे. म्हणून आस सरळ होत नाही. तो संपाताच्या दिशेने वळू लागतो. पण आस वळला की संपातही तितकाच सरकतो, कारण तो नेहमी आसाला लंबच राहतो. हा पाठलाग संपत नाही. सुमारे २५,८०० वर्षांत आसाची एक फेरी पूर्ण होते आणि संपात वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. यालाच आपण अयनचलन म्हणतो. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया'त त्याचे कारण सूर्य-चंद्राच्या या ओढीत दाखवले.

मराठी वाचकाला हे चलन घरचे आहे. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. या तीनसाडेतीन आठवड्यांच्या अंतरामागे शतकानुशतके साठत गेलेले अयनचलन आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये वसंतसंपात मृगात असतानाच्या काळाचा शोध घेऊन वेदांचा काळ मोजू पाहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त अयनगतीचा विचार विस्ताराने आला आहे. त्यांचे निष्कर्ष इतिहासकार तपासत राहतील. पण ज्या घड्याळाच्या आधारे ते मोजत होते, ते घड्याळ चालवणारी गोष्ट म्हणजे एका लंब टॉर्कची दिशा. पान्याच्या नटला आत नेणारा आणि संक्रांतीला जानेवारीत आणणारा नियम एकच आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की अंगठ्याचा नियम शेवटी सांगावा. आधी मुलांना विचारावे, 'ही वस्तू कोणत्या रेषेभोवती फिरू पाहते आहे?' ती रेषा त्यांनी हवेत बोटाने दाखवली की मग टोक कुठल्या बाजूला, यासाठी उजवा हात पुढे करावा. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच : प्रत्येक उदाहरणात आधी बिंदू निवडा, तिथून स्थितिसदिश काढा, मग बल काढा, दोहोंचे प्रतल पाहा आणि त्याचा लंब ओळखा. आकडे त्यानंतर भरा. पुढच्या प्रकरणांत हाच क्रम कुठेही मोडलेला नाही. तुम्हीही तो मोडू नका. कागद, पेन्सिल आणि दोऱ्याचा एक तुकडा जवळ ठेवा आणि पहिल्या प्रकरणातले पहिले उदाहरण उत्तर न पाहता सोडवायला घ्या.